मझगावची जीप आणि कुर्ल्याची पद्मिनी

मोटारीच्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक तक्ता छापलेला असतो. तो पूर्ण वाचणारे थोडे. बहुतेकांची नजर दोन ओळींवर जाऊन परत फिरते: सीसी किती आणि अश्वशक्ती किती. तेवढ्यावर गाडीची लायकी आणि मालकाची ऐपत दोन्ही ठरवून मंडळी मोकळी होतात. खरी मजा खालच्या ओळींत असते. बोअर आणि स्ट्रोक, गिअरची प्रमाणं, टायरचं माप, वजन, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. हे आकडे एकेकटे वाचून काही कळत नाही. ते एकमेकांशी गुणावे-भागावे लागतात. तसं केलं की गाडी कुठे धावेल, कुठे अडेल आणि कुठून कुजेल, याचा बराचसा अंदाज कागदावरच येतो.

उदाहरणाला दोन जुन्या गाड्या घेऊ. दोन्ही मुंबईत बनल्या, दोन्ही महाराष्ट्राच्या रस्त्यांवर तीन-चार दशकं दिसल्या, आणि दोघींचं एकमेकींशी काहीही जुळत नाही. एक महिंद्रची सीजे-३बी जीप, दुसरी प्रीमिअर पद्मिनी.

आधी घराणी. १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ नावाची कंपनी निघाली. तिचे एक भागीदार मलिक गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर-जनरल झाले. इकडे १९४८ साली पाटीवरचा ‘मोहम्मद’ जाऊन तिथे दुसरा ‘महिंद्र’ आला. अमेरिकेच्या विलिस कंपनीच्या जीपची जुळणी मझगावला सुरू झाली ती याच सुमारास. पद्मिनीचं घराणं सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचं. त्यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात, नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला.

१९५३ साली वालचंद गेले. त्याच वर्षी फियाटने ‘११००-१०३’ ही गाडी आणली, आणि त्याच वर्षी विलिसने सीजे-३बी. म्हणजे वयाने दोघी सारख्याच. पुढे फियाटचं ११००-डी हे रूप १९६४च्या सुमारास ‘डिलाइट’ म्हणून कुर्ल्याहून निघू लागलं, सत्तरच्या दशकाच्या आरंभी फियाटचं नाव उतरलं, गाडी काही काळ ‘प्रीमिअर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ साली ‘पद्मिनी’. लोकांनी या नामांतराची फारशी दखल घेतली नाही. ते शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले.

आता तक्ता. जीपचं इंजिन चार सिलिंडरचं, २,१९९ सीसीचं, ४,००० फेऱ्यांना ७५ अश्वशक्तीचं. पद्मिनीचंही चार सिलिंडरचंच, पण १,०८९ सीसीचं, ४,८०० फेऱ्यांच्या आसपास ४० अश्वशक्तीचं. इथेच थांबलं तर निकाल सोपा आहे: जीपचं इंजिन दुप्पट, ताकदही जवळपास दुप्पट. हा निकाल चूक आहे, आणि पहिली चूक मोजमापातच आहे. त्या काळी अमेरिकेत इंजिन चाचणीच्या बाकावर चढवून, पंखा-डायनॅमो-सायलेन्सर असली बरीचशी जोडणी काढून अश्वशक्ती मोजत आणि तोच आकडा छापत. युरोपात इंजिन गाडीत जसं बसतं तसं, सगळा संसार लावून मोजायची पद्धत रूढ होत होती. जीपच्या ७५ मधून पंधरा-वीस टक्के सहज वजा करावे लागतात. जुन्या गाड्यांच्या अश्वशक्तीवरून वाद घालणाऱ्यांनी आधी आपापले आकडे कोणत्या तराजूतले आहेत हे पाहावं. अर्धे वाद तिथेच मिटतील.

दुसरी ओळ बोअर आणि स्ट्रोकची, म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची वर-खाली चाल. जीपचे आकडे ७९.४ आणि १११.१ मिलिमीटर, पद्मिनीचे ६८ आणि ७५. जीपचा पिस्टन आपल्या व्यासाच्या जवळजवळ दीडपट अंतर वर-खाली करतो. ४,००० फेऱ्यांना हा पिस्टन सरासरी सेकंदाला १४.८ मीटर वेगाने धावतो. पद्मिनीचा पिस्टन ४,८०० फेऱ्यांनाही १२ मीटरवरच असतो. जीपच्या इंजिनाचा आवाज चढू लागला की ते जिवावर आल्यासारखं का वाटतं, त्याचं उत्तर या ओळीत आहे. लांब चालीचं इंजिन संथ फिरून जोर लावण्यासाठी असतं, पळण्यासाठी नाही. जीपचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, सुमारे १५४ न्यूटन-मीटर, अवघ्या २,००० फेऱ्यांना मिळतो. पद्मिनीला तिच्या ७१ न्यूटन-मीटरसाठी ३,००० फेऱ्या लागतात.

ही मापं १९५३ साली ठरलेली नाहीत, हे मला या तक्त्यांतलं सर्वांत गमतीचं वाटतं. पद्मिनीचं ६८ बाय ७५ हे माप फियाटच्या १९३७च्या बालिल्लापासून चालत आलं. दान्ते जाकोझा या अभियंत्याचं नाव त्या गाडीशी जोडलेलं आहे. जीपचं माप तर १९२०च्या दशकातल्या विलिसच्या ‘व्हिपेट’ या मोटारीचं. विलिसचे अभियंते बार्नी रूस यांनी ते इंजिन सुधारून सुधारून दुसऱ्या महायुद्धाच्या जीपला दिलं. त्यात आत घेणारी आणि बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा सिलिंडरच्या कुशीला होत्या आणि ताकद ६० अश्वशक्ती. आणखी ताकद हवी होती, पण त्यासाठी नवं इंजिन बनवलं नाही. तेव्हा आत घेणारी झडप तेवढी वर, डोक्यात नेली. बाहेर सोडणारी होती तिथेच ठेवली. झडप मोठी झाली, श्वास सुधारला, ६० चे ७५ झाले. पण इंजिनाची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून बॉनेट उचललं. सीजे-३बीचं ते उंच, चौकोनी, काहीसं आडदांड नाक म्हणजे झडपेच्या जागेचा परिणाम आहे. एरवी कोणी न वाचणाऱ्या ‘व्हॉल्व्हची रचना’ या ओळीत गाडीचा चेहरा लिहिलेला असतो, तो असा.

आता गिअर. दोन गाड्यांमधला खरा फरक इथे आहे.

जीपला पुढचे तीन गिअर. पहिल्याचं प्रमाण २.८ च्या जरा खाली. त्याच्या मागे आणखी एक पेटी, ट्रान्सफर केस. तिच्यात ‘लो’ टाकला की इंजिनाच्या फेऱ्या पुन्हा २.४६ ने भागल्या जातात. मग एक्सल, तिथलं प्रमाण ५.३८. तिन्हींचा गुणाकार करा: सुमारे ३७. म्हणजे इंजिनाच्या ३७ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. सहा इंची रुंदीच्या, सोळा इंची रिमच्या टायरचा घेर साधारण २.२ मीटर. इंजिन मिनिटाला १,००० फेऱ्यांवर हळू चालतंय असं धरलं तर जीप तासाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास सरकते. माणूस रमतगमत चालतो तेवढा हा वेग. ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता दगडगोट्यांच्या ओढ्यातून गाडी काढायची तर हाच वेग लागतो.

जोराचा हिशेबही करू. १५४ न्यूटन-मीटरला ३७ ने गुणलं आणि चाकाच्या त्रिज्येने भागलं तर रस्त्यावर पडणारी ओढ कागदोपत्री सोळाशे किलोच्या घरात येते. मोजमापातली अमेरिकन उदारता आणि गिअरांत घासून जाणारी ताकद वजा केली तरी हा आकडा हजाराच्या वर राहतो. जीपचं स्वतःचं वजन सुमारे एक टन. थोडक्यात, सर्वांत खालच्या गिअरमध्ये रिकामी जीप स्वतःच्या वजनापेक्षा जास्त ओढू शकते. इंजिन कमी पडून ती बंद पडणं जवळपास अशक्य. त्याआधी टायर जागेवर फिरतील. आणि टायर जागेवर फिरू नयेत म्हणून ती ओढ दोनाऐवजी चार चाकांत वाटायची. ‘फोर बाय फोर’ हा वेगळा चमत्कार नसून या हिशेबाचाच पुढचा टप्पा आहे. एवढी ओढ दोन चाकांवर टाकून काही उपयोग नसतो.

चार चाकं जोडण्याची रीत मात्र जुनाट आहे, आणि ती माहीत नसलेले लोक जीपची वाट लावतात. मागची चाकं कायम इंजिनाशी जोडलेली. पुढची लिव्हर टाकल्यावर. एकदा टाकल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच गतीने फिरतात, मधे कसलीही सवलत नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावर चालतात, म्हणजे त्यांना जास्त फिरावं लागतं, पण शाफ्ट तसं करू देत नाही. चिखलात हा फरक टायर थोडा घसरून भागवतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरांत साठतो. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर परत काढताना अडकतो. पावसाळ्यात हौसेने फोर-व्हील टाकून डांबरी घाट उतरणाऱ्यांना गॅरेजवाला पुढच्या दिवाळीपर्यंत ओळखत असतो.

पद्मिनीला चार गिअर, लिव्हर स्टिअरिंगच्या दांड्यावर. त्यामुळे पुढचं आसन सलग बाकासारखं करता आलं आणि दाटीवाटीने तीन माणसं बसू लागली. पहिला गिअर आणि एक्सलचं ४.३ हे प्रमाण गुणलं तर उत्तर सोळा-सतराच्या आसपास येतं. जीपच्या निम्म्याहून कमी. रस्त्यावर ओढ पडते चारशे किलोच्या घरात. पाच माणसं आणि टपावर सामान धरून गाडीचं वजन साडेबाराशे किलो मानलं, तर कागदावर तिला तीनास एक असा खडा चढ चढता यायला हवा. आपल्या हमरस्त्यांवरचे घाट याच्या आसपासही खडे नाहीत.

मग खंबाटकीच्या आणि कसाऱ्याच्या चढावर बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या राहिलेल्या फियाटी लोकांना का आठवतात? ताकद कमी पडली म्हणून नव्हे. चढावर पाय खाली दाबलेला, म्हणजे इंजिन भरपूर पेट्रोल जाळून भरपूर उष्णता करतंय. गाडीचा वेग कमी, म्हणजे समोरून वारा नाही. आणि रेडिएटरचा पंखा इंजिनालाच जोडलेला, म्हणजे फेऱ्या उतरल्या की तोही मंदावतो. त्यात पुढे ट्रक. अशा वेळी चालवणारे जी चूक करत ती म्हणजे वरचाच गिअर धरून ठेवणं. खालचा गिअर टाकला असता तर पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही जोरात फिरले असते. ‘गाडी तापते’ ही तक्रार तक्त्यात कुठेच नसते, पण गिअरची प्रमाणं आणि पंखा कशाला जोडलाय या दोन गोष्टी माहीत असल्या तर ती आधीच दिसते.

सपाट रस्त्यावर चित्र उलटं. पद्मिनीच्या ५.२०-१४ टायरचा घेर सुमारे १.८७ मीटर, सर्वांत वरच्या गिअरमध्ये दर १,००० फेऱ्यांना ती तासाला २६ किलोमीटर जाते. ४,८०० फेऱ्यांना १२५. तिचा कमाल वेग साधारण याच घरातला सांगितला जाई, तो उगाच नव्हे. जीप दर १,००० फेऱ्यांना साडेचोवीस, म्हणजे ४,००० ला कशीबशी ९८. त्या वेगाला समोरची उभी सपाट काच वाऱ्याशी झुंजत असते आणि कॅनव्हासचं छप्पर फडफडत असतं. निम्म्या इंजिनाची पद्मिनी दुप्पट इंजिनाच्या जीपला पुण्याच्या वाटेवर आरामात मागे टाकी. सीसीवरून गाडी जोखणाऱ्यांना हे एवढं उत्तर पुरे.

मापांकडे या. जीपची लांबी ३.३ मीटर, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ८० इंच, म्हणजे २,०३२ मिलिमीटर. पद्मिनी ३.९३ मीटर लांब, चाकांतलं अंतर २,३४० मिलिमीटर. जीपचा पुढचा एक्सल खड्ड्यातून वर येतो न येतो तोच मागचा त्यात उतरतो. शिवाय चारही बाजूंना पाटे. जीपमध्ये मागे बसून तालुक्याला जाऊन आलेल्या माणसाला याहून अधिक सांगायला नको. पद्मिनीला मागे पाटे असले तरी पुढे कॉइल स्प्रिंग होते आणि प्रत्येक पुढचं चाक स्वतंत्रपणे वर-खाली होई. आखूड आणि उंच जीप वेगात कापलेल्या वळणावर उलटू शकते. तीच आखूड बांधणी डोंगराच्या पायवाटेवर कामाला येते, कारण लांब गाडीचं पोट जिथे टेकतं तिथून ती निघून जाते.

वजनाच्या ओळीत मात्र एक विसंगती आहे, आणि तिच्याकडे लक्ष जायला हवं. साठ सेंटिमीटरने लांब, चार दारांची, पोलादी छताची, गादीवाली पद्मिनी ८९५ किलोची. आणि उघडी, दारं नसलेली, नुसत्या पत्र्याची जीप एक टनाची. चार चाकांच्या जोडणीचं लोखंड त्यात आहेच, पण मोठं कारण सांगाड्याचं आहे. जीप जुन्या पद्धतीने बांधलेली: खाली शिडीसारखी जाड चेसिस, वर बोल्टांनी बसवलेला पत्र्याचा डबा. पद्मिनीला अशी चेसिसच नाही. तळ, खांब, छप्पर मिळून एकच कवच, आणि सगळा भार त्या कवचावर. फियाटने हे तंत्र पन्नासच्या दशकात आरंभीच आत्मसात केलं होतं. आजची जवळपास प्रत्येक छोटी मोटार अशीच बांधतात.

कवचाचा फायदा हलकेपणा. तोटा मुंबईने दाखवला. खाऱ्या हवेत आणि साचलेल्या पावसाच्या पाण्यात पत्रा तळातून सडू लागला. जीपचा डबा सडला तर बोल्ट काढून नवा चढवता येतो, चेसिस तशीच राहते. पद्मिनीचा तळ सडला म्हणजे गाडीचं हाडच सडलं. टॅक्सीवाल्यांनी पत्र्यावर पत्रे जोडून ती वर्षानुवर्षं पासिंगला उभी केली, त्या वेल्डरांच्या कसबाला दाद द्यावी लागेल. पण त्यातल्या कितीतरी गाड्यांत फियाटचा मूळ पत्रा नावालाच उरला असेल. कुर्ल्याहून नव्या पद्मिनी निघणं शतक उलटताना थांबलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि मुंबईतल्या टॅक्सीसाठी वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली.

जीप संपली नाही, बदलत गेली. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ साली थांबली. तोवर तिथे दीड लाखाहून अधिक बनल्या होत्या. महिंद्र मात्र ती पुढेही बनवत राहिले. तेलाच्या भावांनी सत्तरच्या दशकात उसळी घेतल्यावर ते २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन कोणालाच परवडेना. मग प्यूजोकडून परवाना घेऊन केलेलं डिझेल इंजिन आलं, ट्रॅक्टरच्या वंशातलं डिझेल इंजिन आलं. जीपच्या लांब भावंडांवर साताऱ्या-सांगली-कोल्हापुरात वडाप, म्हणजे माणसं कोंबून चालणारी खासगी वाहतूक, उभं राहिलं; आतली, मागे लटकलेली आणि टपावरची माणसं मिळून किती होत याला तक्त्यातल्या ‘आसनक्षमता’ या ओळीत उत्तर नाही. पण एवढा भार चेसिस, पाटे आणि खालचा गिअर पेलत होते, हे त्याच तक्त्यातून दिसतं. तो भार पद्मिनीच्या कवचाला एक हंगामही झेपला नसता.

अलीकडे या दोन्ही नावांची गाठ पडली आहे. फियाट आणि जीप ही दोन्ही बोधचिन्हं आज स्टेलांटिस या एकाच कंपनीकडे आहेत, आणि पुण्याजवळ रांजणगावला फियाट आणि टाटा यांनी मिळून उभारलेल्या कारखान्यात जीपच्या नव्या गाड्या बनतात. वालचंदांना हे पटलं असतं की नाही, कोण जाणे.

जुन्या गाडीची हौस असलेल्यांसाठी माझा कौल सांगतो. रोज रस्त्यावर काढायची असेल तर पद्मिनी; शेताच्या बांधावर आणि गडाच्या पायथ्याशी न्यायची असेल तर जीप. जीप पाहायला गेलात तर आधी आरसी बुकावरचं इंधन आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष इंजिनाशी ताडून बघा, कारण पेट्रोलच्या नोंदीवर डिझेल बसवलेल्या गाड्या कमी नाहीत. मग ट्रान्सफर केसचा लिव्हर चिखलात किंवा मातीत टाकून बघा, डांबरावर नको. पद्मिनीला चकाकत्या रंगावर भुलू नका. पायाखालचं मॅट उचला, पेचकसाच्या मुठीने तळाचा पत्रा चारही कोपऱ्यांत ठोका, आणि आवाज बसका आला तर मालक कितीही ओळखीचा असला तरी व्यवहार करू नका.